कामाला लागलेली अक्षरं

ङ नदीतल्या वाळूच्या बेटावर बसून स्वयंपाक करतो आणि चुलीचा धूर त्याच्या डोळ्यांत जातो. ञ ही लहान मुलगी आहे; भूक लागली म्हणून ती आडवी पडून किरकिरते आहे. ण सगळ्यांना गप्प करतो, जरा ऐका म्हणतो. त्यावर न चिडतो आणि मी मुळीच जाणार नाही म्हणून हटून बसतो. ह आणि क्ष शाल गुंडाळून कोपऱ्यात खोकत बसलेत. दोघं म्हातारे असावेत.

ही सगळी मंडळी एका पहिलीच्या पुस्तकातली. ‘सहज पाठ’ नावाचं हे पुस्तक रवींद्रनाथ ठाकुरांनी लिहिलं, नंदलाल बोसांनी त्याची चित्रं केली आणि १९३० साली त्याचे पहिले दोन भाग आले. बंगालमध्ये ज्यांनी ज्यांनी शाळा पाहिली त्यांतल्या बहुतेकांच्या हातून ते गेलेलं असतं. माझ्या हातात ते फार उशिरा आलं, तेही बंगाली अक्षरं एकेक करून लावत वाचण्याच्या दिवसांत. म्हणजे खरं तर योग्य वेळीच आलं म्हणायचं. अक्षरओळख चालू असणाऱ्यांसाठीच तर ते होतं.

आपल्या अंकलिपीत ङ आणि ञ यांचं काय होतं ते जरा आठवून पाहा. अ अननसाचा, ग गणपतीचा. ण कुठल्याच शब्दाच्या सुरुवातीला येत नाही, म्हणून त्याला बाणाच्या शेपटाला बांधलेलं. ळ ला बाळाच्या पोटात बसवलेलं. ङ आणि ञ यांच्या वाट्याला तेवढंही नाही. त्यांची चौकट आली की बाई म्हणायच्या, हे नुसतं म्हणायचं, पुढे चला.

या पद्धतीत अक्षर म्हणजे एखाद्या वस्तूच्या नावाचं टोक. चित्रकाराला वस्तू नेमून दिलेली असते. अननस काढा म्हटलं की अननस काढायचा, तो ओळखू आला की काम संपलं. अंकलिपीच्या चित्रकारांना कमी लेखायचं नाही मला, पण त्यांच्यासाठी करण्यासारखं फारसं काही शिल्लकच ठेवलेलं नसतं. ‘सहज पाठ’मध्ये अक्षर वस्तूचं नसतं, ते स्वतःच कुणीतरी असतं आणि काहीतरी करत असतं. क ख ग घ हे चौघं गाणं म्हणत मासेमारीची होडी वल्हवतात. च छ ज झ डोक्यावर ओझी घेऊन बाजाराला निघालेत. ट ठ ड ढ यांच्या खांद्यावर ढोल आहेत आणि त्यांचा नुसता गोंगाट चाललाय. त थ द ध आंबे पाडायला जायचं म्हणतात. प फ ब भ दिवसभर शेतात भात कापतात, तर म ते भात बैलगाडीत घालून घरी नेतो. य र ल व मात्र घरात बसून मन लावून अभ्यास करतात. वर्गात एखादं टोळकं असं असायचंच.

म्हणजे चित्रकाराला इथे वस्तू मिळत नाही. मिळते ती एक हालचाल, चार माणसं, हवामान, दिवसाची वेळ. ढगाळ दिवस वाईट आहे म्हणून कुरकुरणारा ऋ हा स्वर कसा काढणार? अननसाची तयार प्रतिमा इथे कामाची नाही. बाहेर जाऊन पाहून यावं लागतं.

मी मुलांना चित्रकला शिकवते आणि मधूनमधून मुलांच्या मासिकांसाठी चित्रंही काढते, त्यामुळे हा फरक माझ्या फार जवळचा आहे. बंगाली वर्णमालेत ळ नाही. तेव्हा एकदा वर्गात मी मुलांना विचारलं, आपला ळ काय करत असेल? लोळत असेल, हे पहिलं उत्तर अपेक्षितच होतं. तो वेटोळं घालून उन्हात पडलेला असतो, असं एकीनं सांगितलं. मागच्या बाकावरून आवाज आला की तो नेहमी रांगेत मागे असतो, कारण त्याला कुणी पुढे उभंच करत नाही. मग सगळ्यांनी ळ काढले. एकाही चित्रात बाळ नव्हतं.

नंदलालांनी हे पुस्तक हाती घेतलं तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते आणि नाव मोठं झालेलं होतं. त्यांचा जन्म ३ डिसेंबर १८८२ चा, बिहारमधल्या मुंगेर जिल्ह्यातल्या खडगपूरचा. वडील दरभंग्याच्या राजांकडे नोकरीला. आई क्षेत्रमणीदेवी घरातल्या घरात, हाताला येईल त्यातून बाहुल्या आणि खेळणी करायच्या. मूर्ती घडवणं आणि पूजेचे मांडव सजवणं हे मुलाचे पहिले नाद. पुढे कलकत्त्यात शिक्षणाच्या नावानं फारसं काही धड झालं नाही. परीक्षा अंगाला लागेनात, वाणिज्य शाखाही करून पाहिली. अखेर १९०५ साली घरच्यांची समजूत घालून ते सरकारी कलाशाळेत गेले, अवनींद्रनाथ ठाकुरांच्या हाताखाली. हे अवनींद्रनाथ स्वतः मुलांसाठी गोष्टी लिहिणारे आणि त्यांची चित्रं काढणारे. तेव्हा मुलांच्या पुस्तकाला हात लावणं कमीपणाचं आहे असं नंदलालांच्या मनात शिरायला जागाच नव्हती.

मराठी वाचकाला इथे एक धागा सापडतो. १९०९–१० च्या हिवाळ्यात इंग्रज चित्रकार लेडी हेरिंगहॅम अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला आल्या, त्यांच्या मदतीला कलकत्त्याहून आलेल्या तरुण चित्रकारांत नंदलाल होते. मुक्काम फर्दापूरला. त्या काळी तो मुलूख निजामाचा होता. अंधाऱ्या लेण्यात उभं राहून हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या चित्रकारानं एका रेषेत खांदा कसा वळवलाय ते हातानं गिरवून पाहायचं, हे त्यांचं काम. तैलरंगातल्या छायाप्रकाशानं आकार फुगवण्याची गरज नसते, रेषा पुरते, हे त्यांना तिथे कळलं असं म्हणतात. मला वाटतं, आणखी एक गोष्ट कळली असणार. अजिंठ्यात राजाचा वाडा काढलाय तेवढ्याच मन लावून माकडंही काढलीत.

१९१९ साली रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात कलाभवन हे कलाविद्यालय सुरू झालं, १९२२ पासून त्याची धुरा नंदलालांकडे आली आणि १९५१ पर्यंत त्यांच्याकडेच राहिली. १९३० सालाकडे एकदा नीट पाहावं असं आहे. मार्चमध्ये गांधीजी दांडीला निघाले. नंदलालांनी लिनोकट केला, म्हणजे कोरलेल्या ठशावरून छापलेलं चित्र: हातात काठी घेऊन चालणारे बापू. आज आपण गांधीजींचं म्हणून जे चालणारं रूप डोळ्यांसमोर आणतो त्यात या ठशाचा वाटा मोठा आहे. शांतिनिकेतनाजवळच्या श्रीनिकेतनातल्या भिंतीवरचं नांगरणीच्या उत्सवाचं मोठं चित्रही याच सुमाराचं. तिकडे रवींद्रनाथांच्या स्वतःच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन मे महिन्यात पॅरिसमध्ये भरलं. आणि याच वर्षी, याच माध्यमात, बहुधा त्याच हत्यारांनी, नंदलाल मुलांसाठी होडी कोरत होते. राष्ट्राचं चित्र आणि पहिलीचं पुस्तक यांसाठी त्यांनी दोन वेगळे हात वापरले नाहीत. माझ्या दृष्टीनं नंदलाल समजून घ्यायचे ते इथून.

लिनोकटबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण या पुस्तकाचा स्वभाव त्या माध्यमानं ठरवलाय. लिनोलियम हे मुळात घराच्या जमिनीवर अंथरायचं सामान. जवसाचं घट्ट केलेलं तेल, त्यात बुचाचा भुगा, पाठीला तागाचं कापड. लाकडासारखे त्याला एका दिशेचे तंतू नसतात, त्यामुळे कोरणी कुठल्याही दिशेला सारखीच जाते. जे पांढरं हवं ते कोरून काढायचं. जे राहतं त्यावर रोलरनं शाई फिरवायची आणि कागद दाबायचा. चित्र उलटं उमटतं, म्हणून उजवीकडे जाणारी होडी डावीकडे तोंड करून कोरायची. एकदा कोरलेलं परत भरता येत नाही. मधला राखाडी रंग नसतोच. हवाच असेल तर बारीक रेघा ओढून डोळ्याला फसवावं लागतं.

छापखान्याच्या दृष्टीनं हे सोयीचं होतं. त्या काळी मजकूर खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवून छापत. उठावाचा ठसा खिळ्यांच्या उंचीचा केला की तो मजकुराशेजारी त्याच चौकटीत बसतो आणि दोन्ही एका दाबात कागदावर येतात. फोटोसारख्या चित्रांच्या ठिपक्यांच्या ब्लॉकला गुळगुळीत, महाग कागद लागतो; काळ्या-पांढऱ्या ठशाला साधा खरबरीत कागदही चालतो. मुलांचं पुस्तक स्वस्त असायला हवं, कारण ते फाटणार असतं.

पण सोय हे अर्धंच कारण झालं. ठशातला काळा आणि खिळ्यांतला काळा एकच असतो. पानावर अक्षर आणि चित्र एकाच वजनाचे दिसतात, एकाच घरातले वाटतात. ज्या मुलाला अजून वाचता येत नाही, त्याच्यासाठी अक्षर हेसुद्धा एक चित्रच असतं. त्याला दोन्ही एका शाईत, एका जाडीत भेटतात. पुढे रंगीत छपाई आली, तेव्हा चित्र पानावर वर गेलं आणि मजकूर खाली तळाशी उरला. मग दोघांचं बोलणं बंद झालं. हे अर्थात माझं मत. रंगीत पुस्तकांवर वाढलेली मुलं मला यावर हसतील.

या ठशांत काय नाही ते मी अधिक पाहते. चेहऱ्यांवर फारसं काही लिहिलेलं नसतं. मोठे डोळे नाहीत, गालावर लाली नाही, प्रत्येक प्राण्याला माणसाचं हसू चिकटवलेलं नाही. आनंद असो की दमणूक, ती पाठीच्या बाकात असते, पायांच्या अंतरात असते. ओझं घेऊन चालणाऱ्या माणसाची मान कशी ताठ होते, भात कापणाऱ्याचा कणा कुठून वाकतो, हे पाहिलेलं असलं की चेहरा लागत नाही. आणि खेड्यातल्या मुलानं ते रोज पाहिलेलं असतंच. चित्र त्याला नवीन काही दाखवायला जात नाही. त्यानं आधीच पाहिलेलं पुस्तकात बसण्याच्या लायकीचं आहे, एवढं फक्त सांगतं.

मासिकाकडून चित्रांची मागणी येते तेव्हा सोबत हमखास एक वाक्य असतं: चित्रं गोंडस हवीत. गोंडसला माझा विरोध नाही. पण गोंडस चित्र मुलाकडे पाहत असतं, त्याला रिझवत असतं, मूल हसलं का ते तपासत असतं. ‘सहज पाठ’मधली माणसं मुलाकडे पाहत नाहीत. त्यांना वेळ नाही. ती कामात आहेत. मूल त्यांच्याकडे पाहतं.

पुढच्या धड्यांत छोटी छोटी वाक्यं येतात. वनात वाघ राहतो, झाडावर पक्षी, पाण्यात मासा. वळणावळणानं जाणाऱ्या छोट्या नदीची प्रसिद्ध कविता याच पुस्तकात आहे, वैशाखात जिच्यात गुडघाभरच पाणी असतं ती. वाचताना शांतिनिकेतनाजवळची कोपाई डोळ्यांपुढे येते. लिहिणाऱ्याला आणि काढणाऱ्याला एकच लाल माती, एकच नदी, तीच साल आणि ताडाची झाडं रोज दिसत होती. चित्रकारानं मजकूर वाचून चित्र काढलं असं वाटतच नाही, दोघांनी मिळून एकाच खिडकीतून पाहिल्यासारखं वाटतं.

आता शिक्षक नंदलालांकडे येते. खरं तर आत्तापर्यंतही त्यांच्याचबद्दल लिहीत होते.

कलाभवनात त्यांच्या काळी परीक्षांचा बडेजाव नव्हता. मास्तर स्वतः काम करत बसलेले, मुलं आजूबाजूला आपापलं काम करत. शिकायचं ते त्या सान्निध्यात. सहली काढायच्या, उघड्यावर मुक्काम करायचा. जयपूरहून कारागीर बोलावून भित्तिचित्राची जुनी रीत शिकून घेतली, तेव्हा विद्यार्थ्यांबरोबर मास्तरही शिकायला बसले. आलपना, म्हणजे बंगालची रांगोळी, शिकवायला सुकुमारीदेवी होत्या, आणि तो विषय चित्रकलेपेक्षा खालचा मानला जात नव्हता. झाडं लावण्याचा उत्सव असो, नांगरणीचा असो, नाटक असो, सजावट कलाभवनानं करायची. नंदलालांच्या खिशात कोरी कार्डं असत. दिसेल ते त्यावर टिपायचं आणि तेच कार्ड कुणा विद्यार्थ्याला पत्र म्हणून धाडायचं. अशी चित्रांची पोस्टकार्डं त्यांनी आयुष्यभर पाठवली. पत्राच्या मजकुराला त्यावर जागा थोडीच उरत असेल.

त्यांच्या शिकवण्याची सगळ्यांत जिवंत आठवण सत्यजित राय यांनी सांगून ठेवली आहे. राय १९४० ते १९४२ कलाभवनात होते. त्यांनी गाय काढली होती. मास्तरांनी पाहिली आणि म्हणाले, बाह्यरेषा बरी आहे, पण गाय म्हणजे नुसती बाह्यरेषा नव्हे. कातडीखालचं मांस आणि हाडं जाणवायला हवीत आणि ते जाणवणं पेन्सिलीच्या चालीत दिसायला हवं. झाडाबद्दलचा धडाही तसाच. झाड शेंड्याकडून खाली काढत येऊ नका. झाड जमिनीतून वर वाढतं, तर कुंचलाही खालून वरच जाऊ दे.

हा झाडाचा धडा मी वर्गात नेहमी वापरते. त्यातली युक्ती अशी की चित्र पुरं झाल्यावर रेष कुठून सुरू झाली ते इतरांना कळेलच असं नाही, पण काढणाऱ्याचा हात झाडाबरोबर वाढलेला असतो. खोडाला तळाशी दाब जास्त पडतो, वर फांद्यांकडे जाताना तो आपोआप हलका होतो, आणि झाड पानावर नीट उभं राहतं. एका मुलीनं मात्र मला पकडलं. वडाच्या पारंब्या वरून खाली येतात, त्या कुठून काढायच्या? वरून, मी म्हटलं. पण जमिनीत रुजल्या की मग त्या जाड होतात ना, मग? पुढची पंधरा मिनिटं वर्गाचं वडाच्या झाडावर भांडण चाललं. मी त्यात पडले नाही.

शिक्षक म्हणून ते मऊ नव्हते. शिस्तीचे होते, आणि त्यांच्या नावडीही पक्क्या होत्या. तैलरंग त्यांना पसंत नव्हते. पुढे शिल्पकार म्हणून गाजलेले रामकिंकर बैज १९२५ साली बांकुड्याहून शिकायला आले आणि तैलरंगातच काय, सिमेंट आणि खडीतही काम करू लागले. मास्तरांची नापसंती होती, पण रामकिंकर तिथेच राहिले, तिथेच शिकवू लागले. विनोदबिहारी मुखर्जींची गोष्ट याहून बोलकी. एका डोळ्यानं दिसत नाही, दुसऱ्यानं फार कमी दिसतं, असा मुलगा चित्रकला शिकायला आला. त्याला घ्यावं की नाही याबद्दल नंदलालांच्या मनात शंका होती. मुलगा मन लावून काम करत असेल तर राहू द्या, असं रवींद्रनाथांचं म्हणणं पडलं. विनोदबिहारी राहिले, भारतातल्या मोठ्या भित्तिचित्रकारांत गणले गेले आणि १९५७ च्या सुमारास दृष्टी पूर्ण गेल्यावरही कागद कापून, चिकटवून, टाइल्स मांडून काम करत राहिले. शंका घेतल्याबद्दल मी नंदलालांना दोष देत नाही. शंका आल्यावरही ज्याला ठेवलं त्याला पुरतं शिकवलं, हे मला मोठं वाटतं. शिकवणाऱ्या कुणालाही विचारा, हे किती अवघड असतं.

शिक्षणात कलेची जागा काय, यावर त्यांनी लिहिलेला लेख बंगालमध्ये प्रसिद्ध आहे. गणित-भाषेइतकाच मान चित्रकलेला मिळाला पाहिजे, हा त्यातला मुद्दा आज सगळे मान डोलावून ऐकतात आणि वेळापत्रकात शुक्रवारचा शेवटचा तास देतात. मला त्यातला दुसरा मुद्दा अधिक टोचतो. ते म्हणतात, गरीब संथाळ आदिवासी आपली मातीची झोपडी सारवून लख्ख ठेवतो, आणि कॉलेजातला मुलगा मोठ्या इमारतीतल्या खोलीत पसाऱ्यात लोळतो. तेव्हा सौंदर्य ही पैशांची गोष्ट आहे असं कुणी सांगू नये. यातला गरिबीचा आदर्शवाद मला जरा खटकतो. मातीचं घर रोज सारवणाऱ्या बाईला विचारलं असतं तर तिनं पक्क्या घरालाही नाही म्हटलं नसतं. पण पसाऱ्याबद्दल ते बरोबरच होते.

‘सहज पाठ’ एका बाजूला आणि नंदलालांचं पुढचं सार्वजनिक काम दुसऱ्या बाजूला ठेवलं की एक गंमत दिसते. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदाच खेड्यात भरलं, ते आपल्या खानदेशात, फैजपूरला. गांधीजींनी सजावटीचं काम नंदलालांवर टाकलं. अट अशी की गावात मिळेल तेच वापरायचं. बांबू, गवत, माती. मग फेब्रुवारी १९३८ मध्ये गुजरातेत हरिपुऱ्याला अधिवेशन. दोन्ही जागा तापीच्या खोऱ्यातल्या. हरिपुऱ्यासाठी नंदलालांनी विद्यार्थ्यांना हाताशी घेऊन सुमारे ४०० चित्रफलक केले. स्वस्त कागद, मातीचे रंग, जाड झपाट्याच्या रेषा. ते दालनात टांगायचे नव्हते, येणाऱ्याजाणाऱ्याला वाटेत दिसायचे होते. विषय काय होते? ढोल वाजवणारा, कुस्तीगीर, सुतार, दळण दळणारी बाई, शिकारी, बैल.

म्हणजे ट ठ ड ढ आणि त्यांचेच भाऊबंद. राजकीय अधिवेशन आहे म्हणून झेंडे नाहीत, पुढाऱ्यांचे चेहरे नाहीत, मुठी आवळलेल्या नाहीत. आपापल्या कामात गुंतलेली, पाहणाऱ्याकडे न पाहणारी माणसं. कलेच्या इतिहासात हरिपुऱ्याच्या फलकांना मोठं पान मिळतं, आणि ‘सहज पाठ’ला अनेकदा तळटीप. मला हे उलटं वाटतं. हरिपुऱ्याचे फलक ही ‘सहज पाठ’चीच मोठी झालेली पानं आहेत. कामकरी माणसाला मध्यभागी कसं उभं करायचं, किती थोडक्यात, कुठल्याही दयेशिवाय, याचा सराव त्यांनी आठ वर्षं आधी मुलांसाठी करून ठेवला होता. मुलांसमोर भाषण चालत नाही. तेच खेड्यातल्या जत्रेसारख्या गर्दीसमोरही चालत नाही.

संविधानाच्या मूळ हस्तलिखित प्रतीची सजावट नंदलाल आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी केली, हे आता शाळकरी मुलांनाही माहीत असतं. प्रेमबिहारी नारायण रायजादांच्या हस्ताक्षराभोवती त्यांची चित्रं आहेत. बडोद्याच्या कीर्तिमंदिरातली भित्तिचित्रंही त्यांचीच, गायकवाडांच्या आमंत्रणावरून १९३९ पासून काही वर्षांत पुरी केलेली. या कामांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. पुढे जाते.

शिक्षकाचं काम पाहायचं तर विद्यार्थ्यांकडे पाहावं. सत्यजित राय शिक्षण अर्धवट टाकून कलकत्त्याला गेले आणि जाहिरातीच्या कंपनीत लागले. जोडीनं पुस्तकांची मुखपृष्ठं, चित्रं. त्यातच ‘पथेर पांचाली’च्या मुलांसाठी केलेल्या संक्षिप्त आवृत्तीची काळी-पांढरी चित्रं त्यांच्याकडे आली. ती काढता काढता या गोष्टीचा सिनेमा होऊ शकतो असं त्यांच्या मनात आलं. जगभर नावाजलेल्या त्या सिनेमाची सुरुवात मुलांच्या पुस्तकाची चित्रं काढताना झाली, हे मला फार आवडतं. पुढे त्यांनी मुलांसाठी लिहिलं, मुलांचं मासिक चालवलं आणि त्याची चित्रंही काढली.

दुसरे विद्यार्थी चित्रकार के. जी. सुब्रमण्यन. जन्म १९२४, केरळचे. मद्रासला अर्थशास्त्र शिकत होते. ‘चले जाव’ चळवळीत तुरुंगात गेले आणि सरकारी महाविद्यालयांची दारं बंद झाली. १९४४ साली शांतिनिकेतनात नंदलालांकडे आले. १९५१ पासून बडोद्याच्या ललित कला विभागात शिकवू लागले. तिथल्या ‘फाइन आर्ट्स फेअर’साठी शिक्षक आणि विद्यार्थी मिळून खेळणी करत, लहानशी पुस्तकं करत आणि विकत. सुब्रमण्यननी लाकूड, मणी, चामडं जोडून केलेली खेळणी आज संग्रहांत आहेत. मुलांसाठी त्यांनी लिहिलेली आणि चित्रित केलेली पुस्तकं साधी दिसतात, पण त्यांतल्या एका गोष्टीत, ‘द टेल ऑफ द टॉकिंग फेस’मध्ये, आणीबाणीची सगळी कथा परीकथेच्या वेषात सांगितलेली आहे. आपल्या सुंदर चेहऱ्याच्या बळावर राज्य करणाऱ्या बाईची ती गोष्ट मुलं मुलांसारखी वाचतात, मोठे जरा घाम पुसत वाचतात. १९८० मध्ये ते शिकवायला शांतिनिकेतनात परतले. कलाभवनातल्या डिझाइन विभागाची इमारत त्यांनी काळ्या-पांढऱ्या चित्रांनी भरून टाकली आणि ती पुन्हा रंगवायची वेळ आली तेव्हा, २००९ मध्ये, वयाच्या पंचाऐंशीव्या वर्षी पुन्हा रंगवली.

मी ती इमारत पाहिली ती नंदन मेळ्याच्या गर्दीतून. दर वर्षी १ आणि २ डिसेंबरला, नंदलालांच्या वाढदिवसाच्या तोंडावर, कलाभवनातले विद्यार्थी आणि शिक्षक आपण केलेल्या वस्तू मांडून बसतात. मातीची भांडी, दिनदर्शिका, कार्डं, दागिने, खायचे पदार्थ. जमलेले पैसे विद्यार्थ्यांच्या मदतनिधीत जातात. नावाजलेला प्राध्यापक आणि पहिल्या वर्षाची मुलगी यांचं काम एकाच चटईवर असतं आणि भाव करणाऱ्याला दोघंही सारखंच ओरडतात. मी लिनोकटचं एक कार्ड घेतलं, म्हैस आहे त्यावर. बाह्यरेषा बरी आहे. हाडं मात्र अजून यायची आहेत.